चीनमधल्या कॉलेजच्या पोरांचं इंग्रजी ऐकणं-वाचणं कसं तपासतात? आमच्या टेस्टसाठी विचारतेय

गोदाकाठची_मॅडम

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्युनिकेशन स्किल्स शिकवते, म्हणजे टाइमटेबलमध्ये कुठे तास रिकामा राहिला की जो विषय बसवतात तो. यंदा वरून निरोप आला की तिसऱ्या वर्षाच्या मुलांची लिसनिंग आणि रीडिंगची टेस्ट घ्या आणि ती 'अ‍ॅडव्हान्स्ड' हवी. अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे नेमकं काय ते कुणी सांगेना, विचारलं तर म्हणाले मॅडम तुम्हीच बघा काहीतरी.

मागच्या वर्षीचा किस्सा सांगते म्हणजे माझी अडचण कळेल. मी नेटवरून पाणीटंचाईवरचं एक भाषण उतरवून घेतलं, दहा प्रश्न काढले, प्रत्येकी चार पर्याय, आणि लॅबमध्ये स्पीकरवर लावलं. खिडकीबाहेर सिंहस्थाच्या रस्त्याच्या कामाचा जेसीबी घरघरतोय, वर पंखे, मागच्या दोन रांगांना काहीच ऐकू आलं नाही असं मुलांनी नंतर सांगितलं. आणि निकाल बघितला तर निम्म्या वर्गाला दहापैकी आठच्या वर! मला शंका आली म्हणून तोच पेपर घरी नवऱ्याला दिला, भाषण अजिबात न ऐकवता. तो अकाउंटंट आहे, इंग्रजीशी संबंध टॅलीपुरता. त्याला सात पडले. म्हणाला अगं सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो, आणि जिथे पाणी जपून वापरा असं काहीतरी चांगलं-चांगलं लिहिलंय तिथे टिक करायची. म्हणजे मी ऐकणं तपासलंच नव्हतं, मुलांचा चांगुलपणा तपासला होता.

रीडिंगचं तर आणखी वाईट. एक मुलगी पेन्सिल लावून ओळ न ओळ वाचते आणि तिचा वेळ संपतो. शेजारचा पठ्ठ्या प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतो आणि त्याच्या पुढचं वाक्य उतरवून मोकळा. दोघांना मार्क सारखेच. आता हे दोघं सारखं वाचतात का?

परवा कुणीतरी म्हणालं की चीनमध्ये युनिव्हर्सिटीच्या सगळ्या मुलांची इंग्रजीची एकच परीक्षा असते, वर्षाला कोटीच्या वर पोरं बसतात. त्यांचीही गत आपल्या निफाड-सिन्नरच्या पोरांसारखीच ना, घरात इंग्रजी नाही, बाजारात नाही, शाळेत जेवढं झालं तेवढं. मग ते लोक हे सगळं कसं जमवतात? कुणाला आतलं माहीत असेल तर लिहा, मला आयईएलटीएसचे सल्ले नकोत.

पंचवटी_ते_वुहान

मॅडम मी सांगू शकतो थोडं. मूळ पंचवटीचा, एमबीबीएसला तिकडे होतो. ती परीक्षा आम्हाला नव्हती, आमचा कोर्स इंग्रजीत. आम्हाला उलटं त्यांच्या भाषेची एचएसके द्यावी लागायची, चौथी लेव्हल, नाहीतर इंटर्नशिपला पेशंटशी बोलणार काय, हातवारे? पण लायब्ररीत शेजारी बसणारी चिनी पोरं दिवसरात्र याच परीक्षेचा अभ्यास करायची आणि आम्ही दिसलो की पकडायची, हे वाक्य वाचून दाखव, ते वाचून दाखव.

नाव आहे कॉलेज इंग्लिश टेस्ट, म्हणजे शॉर्टमध्ये सीईटी. हसू नका, आपल्याकडे सीईटी म्हटलं की बारावीच्या घरात सुतक, तिकडे पदवीच्या होस्टेलात. दोन पातळ्या आहेत, चार आणि सहा. चार नंबरची १९८७ ला सुरू झाली, सहाची १९८९ ला. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर. एकाच दिवशी सकाळी ९ ला चार नंबर आणि दुपारी ३ ला सहा नंबर. मार्क ७१० पैकी, आणि चारमध्ये ४२५ मिळाले तरच सहाला बसता येतं. पास-नापास असं कागदावर काही नसतं, नुसता आकडा येतो, पण पोरांच्या डोक्यात ४२५ म्हणजे पास.

आता तुमच्या स्पीकरवर तिकडचा उपाय ऐका. बऱ्याच कॅम्पसवर ऐकण्याचा पेपर रेडिओवर लावतात! युनिव्हर्सिटीचं स्वतःचं एफएम असतं, पोरं आपापला एफएमवाला हेडफोन घेऊन बसतात, ब्लूटूथवाला चालत नाही. परीक्षेच्या आधी त्याच फ्रिक्वेन्सीवर ट्रायल लावतात, सगळे होस्टेलच्या गॅलरीत हेडफोन लावून उभे, कुणाला खरखर येते कुणाला नाही. पेपरच्या दिवशी खिशात जास्तीचे सेल. आमच्या मजल्यावरचा एक पोरगा सेल बदलायचा विसरला आणि मधल्या दहा मिनिटांत नुसता खर्रर्र आवाज ऐकत बसला, पुढच्या डिसेंबरपर्यंत तेच तेच सांगायचा.

अजून एक, ऐकणं संपलं की त्या भागाची उत्तरपत्रिका लगेच गोळा करतात. नंतर वाचनाच्या वेळात मागे जाऊन टिक मारू म्हटलं तर नाही. म्हणून ऐकता ऐकताच खुणा करायच्या.

आणि शब्द पाठ करायचं वेड तर विचारू नका. शब्दांची पुस्तकं एबीसीडीच्या क्रमाने, पहिलाच शब्द 'अबँडन', म्हणजे सोडून देणे. तिकडचा नेहमीचा विनोद आहे की पोरगं दर सुट्टीत नव्या उत्साहाने पुस्तक उघडतं, अबँडन पाठ करतं आणि पुस्तक अबँडन करतं.

कॉलेजरोड_करिअर

आयईएलटीएस, पीटीई, टॉफेल सगळ्याची तयारी. पहिले दोन लेक्चर मोफत. इनबॉक्स करा.

गोदाकाठची_मॅडम

दादा, वर काय लिहिलंय ते वाचलंत का? रीडिंग टेस्टचा पहिला नापास विद्यार्थी सापडला.

निवृत्त_खडू

मॅडम, आधी तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी चहाच्या कपाबरोबर जे केलं ते परीक्षा मंडळं मुद्दाम माणसं बसवून करून घेतात. मजकूर न दाखवता, न ऐकवता नुसते प्रश्न सोडवायला द्यायचे आणि अंदाजापेक्षा जास्त मार्क पडले तर प्रश्न फेकून द्यायचा. चार पर्याय असतील तर डोळे मिटून दहापैकी अडीच पडतातच. सात पडले म्हणजे पेपर गळका आहे.

मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं पेपर काढण्यात गेली, त्यामुळे चीनच्या या परीक्षेवर मी हौसेने वाचत आलोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तुमचा पहिला प्रश्न अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे काय. चीनने २०१८ मध्ये इंग्रजीची एक राष्ट्रीय मोजपट्टी जाहीर केली, नऊ पायऱ्यांची. पहिल्या तीन प्राथमिक, मधल्या तीन मध्यम, ७ ते ९ वरच्या. आणि गंमत बघा, इंग्रजी हा मुख्य विषय नसलेल्या साध्या पदवीच्या विद्यार्थ्याला ते मधल्या गटातच धरतात. त्यामुळे तुमच्या साहेबांनी अ‍ॅडव्हान्स्ड म्हटलं म्हणून तुम्ही घाबरून अवघड शब्दांचा उतारा शोधायला जाऊ नका. अवघड शब्द घातले की परीक्षा शब्दकोशाची होते. काम काय करायला लावता त्यावर पातळी ठरते.

सहा नंबरच्या परीक्षेत ऐकणं कसं आहे बघा. अर्ध्या तासात २५ प्रश्न. आधी दोन लांब संभाषणं, मग दोन उतारे, मग शेवटी तीन व्याख्यानं किंवा भाषणाचे तुकडे. सगळं एकदाच ऐकवतात. पूर्वी छोटे छोटे संवाद असायचे, तो बाई काय म्हणते पुरुष काय म्हणतो प्रकार, आणि ऐकून लिहायचं डिक्टेशन असायचं, ते २०१६ मध्ये काढलं आणि सहामध्ये व्याख्यानं आणली. चारमध्ये त्या जागी बातम्या आल्या. आता मार्क बघा, संभाषणांच्या ८ प्रश्नांना ८ टक्के, उताऱ्यांच्या ७ ला ७, आणि व्याख्यानांच्या १० प्रश्नांना २०. म्हणजे पोरगा दमलेला असताना, शेवटच्या दहा मिनिटांत, प्रत्येक प्रश्न दुप्पट किमतीचा. का, तर युनिव्हर्सिटीत ऐकणं म्हणजे शेवटी लेक्चर ऐकणं, दुकानदाराशी दोन वाक्यं बोलणं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागदावर प्रश्न छापलेला नसतो! फक्त चार पर्याय छापलेले. प्रश्न कानाने ऐकायचा, तोही मजकूर संपल्यावर. तुमच्या यजमानांना हा पेपर दिला असता तर त्यांना कशाचं उत्तर द्यायचंय हेच कळलं नसतं. अर्थात पोरंही हुशार, सूचना वाचून दाखवत असतात तेवढ्यात पर्याय वाचून विषय काय असेल याचा अंदाज बांधतात. ते मला चालतं, आपणही लेक्चरला जाताना विषय माहीत करूनच जातो.

वाचनाकडे येतो, तिथे तुमची पेन्सिलवाली मुलगी आणि तो पठ्ठ्या दोघंही भेटतील. १९९० च्या दशकात शांघायच्या जिआओतोंग विद्यापीठातल्या परीक्षातज्ज्ञांनी सिरिल वियर या ब्रिटिश तज्ज्ञाबरोबर चिनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वरच्या पातळीची वाचनाची खास चाचणी बांधली, २००० साली ते सगळं काम छापूनही आलं. त्यामागचा विचार असा की वाचन ही एक वस्तू नाही. सावकाश, समजून, ओळींमधला धागा पकडून वाचणं वेगळं आणि भरभर नजर फिरवून हवं ते उचलणं वेगळं. लासलगावचा कांद्याचा भाव बघायला कुणी अख्खा पेपर वाचत नाही. आणि फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट कुणी भाव बघितल्यासारखं वाचलं तर तो बुडाला. एकात हुशार असलेला दुसऱ्यात हुशार असेलच असं नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळी तपासायची आणि मार्कही वेगळे दाखवायचे. तुम्ही दोघांना एकाच उताऱ्यावर बसवलं, एकाच घड्याळावर, आणि मग सारखे मार्क का म्हणून विचारताय.

सातपूरचा_खरेदीवाला

सर तुमचं सगळं पटलं पण मी वेगळ्या बाजूने बोलतो. मी सातपूर एमआयडीसीत परचेसला आहे, चीनमधल्या निंगबोकडून माल येतो आमचा. तिकडची सेल्सची पोरगी ई-मेल असा लिहिते की मला डिक्शनरी उघडावी लागते. आणि फोन लावला की शांतता, मग एक वाक्य, प्लीज सेंड मेसेज. दर वेळी. तिकडे याला नावच आहे म्हणे, 'याबा यिंग्यु', मुकं इंग्रजी. एवढी कोटीभर पोरांची परीक्षा घेऊन जर फोनवर बोलता येत नसेल तर काय उपयोग, मॅडमनी त्यांचं कशाला उचलायचं? आमच्या शॉप फ्लोअरचा आयटीआयवाला पोरगा मोडकंतोडकं बोलून कंटेनर सोडवून आणतो.

निवृत्त_खडू

भाऊ, बोलण्याची तोंडी परीक्षा त्यांच्याकडे वेगळी आहे, तिला वेगळं नाव नोंदवावं लागतं, मुख्य पेपरात बोलणं नाही. आणि जे मुख्य पेपरात नाही ते होस्टेलात कुणी करत नाही, हा तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण तोच नियम उलटाही चालतो. २००६ च्या आधी त्यांच्या पेपरात ऐकण्याला २० टक्के होते. मग ते ३५ केले, वाचनालाही ३५. निबंध आणि भाषांतराला आता १५-१५. ऐकण्याचे मार्क वाढले तशी कानाला हेडफोन लावून फिरणारी पोरंही वाढली असणार, सिलॅबसमध्ये चार उपदेश लिहून ते झालं नसतं. तुमच्या त्या मुलीच्या कानाची परीक्षा तरी झाली, तोंडाची झाली नाही म्हणून ती फोनवर गप्प.

पंचवटी_ते_वुहान

सरांच्या मार्कांच्या मुद्द्यावर एक आतली गोष्ट सांगतो. वाचनाला ४० मिनिटं ठरवलेली, पण नंतरच्या भाषांतराची ३० मिनिटं त्यालाच जोडून येतात, म्हणजे ७० मिनिटं पोरगं वाटेल तसं वापरू शकतं. वाचनात तीन प्रकार. पहिला, उताऱ्यात १० रिकाम्या जागा आणि खाली १५ शब्द, एक शब्द एकदाच. दुसरा लांबलचक लेख, हजाराच्या वर शब्द, आणि १० वाक्यं, कुठलं वाक्य कुठल्या परिच्छेदातलं ते शोधायचं, वाक्यं क्रमाने नसतात आणि शब्द बदललेले असतात. तिसरा, दोन छोटे उतारे, प्रत्येकी पाच प्रश्न, सावकाश वाचायचे.

आता टक्के बघा. पहिल्या प्रकाराच्या दहा प्रश्नांना मिळून ५, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला २०. मग पोरं काय करतात? पेपर आला की सरळ उलटा सोडवतात. आधी तिसरा, मग दुसरा, आणि रिकाम्या जागा वेळ उरला तर, नाहीतर अंदाजे भरून टाकायच्या. क्लासवालेही हेच शिकवतात. म्हणजे भरभर वाचणं तपासायला जो लांब लेख ठेवलाय तो कुणी सावकाश वीस मिनिटं चावत बसतो आणि कुणी सोडूनच देतो. आधी २००६ पासून 'जलद वाचन' म्हणून वेगळाच भाग होता, १५ मिनिटांत उरकायचा, तो २०१३ च्या डिसेंबरपासून बदलून हा लांब लेख आला.

ऐकण्यातही असेच जुगाड. जुन्या छोट्या संवादांच्या काळातला नियम, जे ऐकू आलं ते निवडू नका, कारण तोच शब्द मुद्दाम चुकीच्या पर्यायात पेरलेला असतो. आणि उताऱ्यांना उलटा नियम, जे ऐकू आलं तेच निवडा! दोन्ही नियम पाठ करून पोरं हॉलमध्ये जायची.

गोदाकाठची_मॅडम

बाप रे, हे वाचून मी माझा मागच्या वर्षीचा पेपर काढून बघितला. दहापैकी सहा प्रश्नांत बरोबर पर्यायात भाषणातलाच शब्द जसाच्या तसा. म्हणजे 'ऐकू आलं ते निवडा' एवढ्यावर पोरं तरली.

पिंपळगावची_इंजिनिअर

मॅडम तुम्ही कुठल्या कॉलेजच्या ते विचारत नाही कारण माझ्याच निघालात तर पंचाईत. मी तिसऱ्या वर्षालाच आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम, पिंपळगाव बसवंतहून रोज एसटीने अपडाऊन. ती पेन्सिलवाली मुलगी मीच असेन असं वाटलं वाचताना.

मला एवढंच सांगायचंय की ऐकताना नक्की काय होतं ते. शब्द येत नाही असं नसतं, तोच शब्द कागदावर दिसला तर लगेच ओळखते, पण कानाला ओळखू येत नाही. आम्ही शिकलो कम्-फर्ट्-टेबल, तो म्हणतो कम्फ्टबल. आम्ही शिकलो शुड हॅव, तो म्हणतो शुडव. मग मी त्या एका शब्दाला धरून बसते, हे काय होतं हे काय होतं, तेवढ्यात तो तीन वाक्यं पुढे गेलेला असतो आणि मग सगळंच जातं. सबटायटल लावून एनपीटीईएलची ऑनलाइन लेक्चर्स मी दीडपटीने बघते, सबटायटल काढली की एकपटीनेही पळतात. म्हणजे मी इतके दिवस ऐकत नव्हतेच, वाचत होते.

वाचतानाही असंच, प्रत्येक वाक्य आधी मनात मराठी करायचं मग पुढे. पाठीमागे कुणीतरी काठी घेऊन उभं आहे असं वाटलं तरच भरभर वाचते.

म्हणून विनंती, टेस्ट दोनदा ऐकवा ना. एकदाच म्हणजे आमच्यासारख्यांचे हालच. इंग्लिश मीडियमवाले एका दमात करतात.

सातपूरचा_खरेदीवाला

पोरी तुझं ते सबटायटलचं अगदी खरं, माझंही तसंच होतं. पण फोनवर सप्लायर दोनदा बोलत नाही बरं.

पिंपळगावची_इंजिनिअर

काका फोनवर 'पार्डन' म्हणता येतं ना. टेपला कुठे म्हणता येतं!

निवृत्त_खडू

मुलीने नेमकं बोट ठेवलं. खऱ्या आयुष्यात ऐकणारा समोरच्याला थांबवू शकतो, परीक्षेत नाही, त्यामुळे एकदाच ऐकवणं हेच नैसर्गिक असं छातीठोक म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

चीनमध्ये दोन्ही पद्धती दिसतात. तिकडच्या बारावीच्या गाओखाओत सुरुवातीचे छोटे संवाद एकदा आणि पुढचे लांब भाग दोनदा ऐकवायची पद्धत आहे. तीच पोरं कॉलेजात आली की सगळं एकदाच, आणि तिथे पहिला फटका बसतो. इंग्रजी घेऊन बीए करणाऱ्यांची आणखी वरची परीक्षा आहे, टेम-८ म्हणतात, शेवटच्या वर्षाला. त्यातला छोट्या व्याख्यानाचा प्रकार मला फार आवडतो. समोर व्याख्यानाचा सांगाडा छापलेला, मधे १५ गाळलेल्या जागा. आधी ३० सेकंद तो सांगाडा बघायला. मग व्याख्यान एकदाच, ऐकता ऐकता टिपणं काढायची, आणि संपल्यावर ३ मिनिटं तपासायला. एका जागी जास्तीत जास्त तीन शब्द, आणि अर्थाने आणि व्याकरणाने दोन्हीकडून बसले पाहिजेत. इथे लांब पर्याय निवडायची सोय नाही, अकाउंटंटची डाळ शिजत नाही. आणि मुलगी म्हणते तसं एका शब्दावर अडकलं तरी सांगाडा हाताशी असतो, पुढची गाळलेली जागा कुठली ते दिसतं, म्हणजे बस चुकली तरी पुढच्या स्टॉपवर चढता येतं. याच परीक्षेच्या वाचनातही १४ प्रश्न पर्यायांचे आणि ८ प्रश्न थोडक्यात स्वतःच्या शब्दांत लिहायचे. तुमचा तो उतरवून काढणारा पठ्ठ्या तिथे सापडतो.

मॅडम, तुम्ही अर्धं-अर्धं करा. साठ मुलांचे पेपर तपासायचेत ना, कोटीभर नाही. त्यांना यंत्राने तपासायचं म्हणून पर्याय द्यावे लागतात, तुम्हाला लाल पेन आहे. तीच एक गोष्ट तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा बरी आहे, ती वापरा.

आणि त्या ७१० च्या आकड्याच्या नादी लागू नका. त्यांचे कच्चे मार्क आधी ठरवलेल्या एका संदर्भ गटाशी ताडून बदलतात, सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन (सरासरीपासून मार्क साधारण किती पसरलेत त्याचं माप) ७० धरून, म्हणजे जूनचा पेपर सोपा आणि डिसेंबरचा अवघड गेला तरी आकडा तुलनेला चालतो. ४२५ म्हणजे त्या गटाच्या सरासरीखाली साधारण एक विचलन. साठ मुलांच्या वर्गात हे करायला गेलात तर शोभा होईल.

पंचवटी_ते_वुहान

कॉपीचं राहिलं. तिकडे एकाच हॉलमध्ये वेगवेगळे संच वाटतात, शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. तुम्हीही पर्यायांचा क्रम तरी बदला.

आणि एक, ही परीक्षा तिकडेही सगळ्यांना गोड नाही. बऱ्याच ठिकाणी पदवीलाच ती अट लावलेली असायची, पोरं रडकुंडीला यायची. २०२३ मध्ये शिआनच्या जिआओतोंग युनिव्हर्सिटीने जाहीर केलं की आता पदवीसाठी तिची अट नाही, तेव्हा तिकडच्या माझ्या मित्रांच्या ग्रुपवर दिवाळी होती, जे पास होऊन चार वर्षं झालेत त्यांनीसुद्धा नाचायचे स्टिकर टाकले. तुमचे मार्क मुलांच्या टर्म वर्कला जोडणार आहात का? जोडलेत तर पहिल्याच वर्षी झेरॉक्सच्या दुकानात तुमच्या टेस्टच्या नोट्स मिळतील बघा.

गोदाकाठची_मॅडम

मंडळी तीन दिवस गायब होते कारण हेच करत बसले होते. झालं ते सांगते.

टर्म वर्कला यंदा जोडत नाही, साहेबांना सांगितलं आधी एकदा करून बघू, ते म्हणाले करा, त्यांना फोटो हवेत फक्त.

ऐकण्याचे दोन भाग केलेत. पहिल्यात दोन माणसांचं बोलणं, दोनदा ऐकवणार, प्रश्न छापलेला नाही, फक्त पर्याय. आमच्याच दोन प्राध्यापकांना बसवून रेकॉर्ड केलं, वर्कशॉपमधल्या लेथच्या बिघाडावर, स्क्रिप्ट न देता, नुसता विषय देऊन. त्यामुळे मधे मधे अडखळणं, ते 'अ‍ॅक्च्युअली अ‍ॅक्च्युअली' सगळं आलंय. दुसऱ्यात सात मिनिटांचं लेक्चर, एकदाच, सरांनी सांगितला तो सांगाडा आणि गाळलेल्या जागा. पिंपळगावकर, म्हणजे निम्मं तुझं ऐकलं.

वाचनात दोन वेगळे कागद. पहिला बारा मिनिटांचा, बाराशे शब्दांचा लेख, वेळ झाली की गोळा. काठी घेऊन उभी मी आहेच. दुसरा सावकाशीचा, पाचशे शब्द, पंचवीस मिनिटं, उत्तरं स्वतःच्या शब्दांत, उताऱ्यातलं वाक्य उतरवलं तर शून्य. चार भागांचे मार्क चार रकान्यांत, बेरीज करणारच नाही. साहेब बेरीज मागणार हे माहितीये, तेव्हाचं तेव्हा बघू.

पेपर आधी घरच्या परीक्षा मंडळाकडे पाठवला. न ऐकता पर्यायांच्या भागात दहापैकी तीन पडले. गाळलेल्या जागांत त्याने पंधराही ठिकाणी 'वॉटर' लिहिलं, एक बरोबर आलं. ती जागा बदलली.

लॅबमध्ये तीस हेडफोन, त्यातले अकरा एका कानाने बहिरे. एफएमचं डोक्यात होतं पण...

सातपूरचा_खरेदीवाला

एफएम नका करू, ट्रान्समीटरला परवानगी लागते. हेडफोन स्प्लिटर आणून देतो तारेचे, आमच्याकडे पडलेत. एकावर दोन पोरं.

गोदाकाठची_मॅडम

चालेल, आणा भाऊ, आयटीआय सिग्नलला मुलगा पाठवते. शनिवारी सकाळी ९ ला बारा मुलांवर ट्रायल आहे. जेसीबीवाल्याशीही बोलून आले, तो म्हणाला मॅडम नऊ ते दहा चहा-मिसळची सुट्टी घेतो, पण पोरं किती वेळ ऐकणार ते आधी सांगा, दहाला मुकादम येतो. मी म्हटलं ऐकणं पंचवीस मिनिटांत उरकतं, वाचायला तुझा आवाज चालेल.